केमो लागू पडेल का, हे रक्त सांगतं का?

रात्री पावणेअकराला आतेभावाचा फोन. "दादा, आईचा रिपोर्ट पाठवलाय, बघ ना. सीईए वाढलंय. म्हणजे केमो फुकट गेली का?"

रिपोर्ट उघडला. सीईए म्हणजे रक्तात मोजतात ते एक प्रथिन, कॅन्सरमध्ये ते वाढू शकतं. केमो सुरू करायच्या आधी ते 46 होतं, पहिली सायकल, म्हणजे औषधाची पहिली फेरी, झाल्यावर 71. आत्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्येही दोन ठिकाणी गेलेला. तीन आठवड्यांच्या सायकलची केमो चालू आहे. रिपोर्ट देताना काउंटरवर कोणीतरी सहज म्हणालं होतं, "वाढलाय हो, लगेच डॉक्टरांना दाखवा," आणि त्या एका वाक्याने घरात कोणी जेवलं नव्हतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रक्त काढणं, मशीनवर लावणं, रिपोर्ट काढणं हे रोजचं, पण मी डॉक्टर नाही आणि कोणाला उपचार सांगायचा मला अधिकार नाही. तरी त्या रात्री तासभर बोललो. आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत "एका ब्लड टेस्टमधून कळणार केमो लागेल की नाही" अशा बातम्या इतक्या फिरल्यात की वाटलं, आतेभावाला जे सांगितलं ते नीट लिहूनच काढावं.

आधी केमो कशासाठी देतात ते

शेतात हरळी काढलेल्यांना हे पटकन कळेल. वरची सगळी हरळी खणून काढली, रान स्वच्छ दिसतंय, पण मातीत कुठे बोटभर मूळ राहिलं असेल तर दोन महिन्यांत परत हिरवं. ऑपरेशन म्हणजे खणून काढणं. त्यानंतरची केमो म्हणजे न दिसणाऱ्या मुळांसाठी सगळ्या रानावर मारलेलं औषध. मूळ राहिलंय की नाही हे माहीत नसताना मारलेलं, हे महत्त्वाचं.

आतड्याच्या भिंतीबाहेरच्या लिम्फ नोडपर्यंत (लसिका ग्रंथींपर्यंत) कॅन्सर गेला असेल तर त्याला तिसरी स्टेज म्हणतात. अशा शंभर जणांचा ढोबळ हिशोब डॉक्टर मंडळी असा सांगतात की पन्नासेक जण नुसत्या ऑपरेशननेच बरे झालेले असतात, पंधरा-वीस जण केमोमुळे वाचतात आणि तिसेक जणांना केमो घेऊनही आजार परत येतो. म्हणजे औषध शंभर जण घेतात, फायदा होतो पंधरा-वीस जणांना. पण ते पंधरा-वीस कोण हे आधी कळत नाही म्हणून सगळ्यांनाच द्यावं लागतं.

आणि हे औषध फुकट नाही, पैशानेही नाही आणि शरीरानेही नाही. यातलं ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध हातापायाच्या नसांवर जातं, फ्रीजमधली बाटली हातात धरली तरी झिणझिण्या येतात, काहींना पुढे वर्षानुवर्षं शर्टाची बटणं लावणं जड जातं. म्हणून "या माणसाला हे औषध लागू पडेल का" हे रक्तातून आधीच कळलं तर केवढं बरं होईल, या ध्यासाने जगभर लोक कामाला लागलेत. 2022 साली जगात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे मिळून 19 लाखांहून जास्त नवे पेशंट झाले, म्हणजे प्रश्न छोटा नाहीच.

प्रश्न एक वाटतो, आहेत चार

गोंधळ इथेच होतो. मार्कर म्हणजे खूण, रक्तात मोजता येणारी अशी गोष्ट जी आजाराबद्दल काही सांगते. पण काय सांगते? आपण घरातली माणसं एकच विचारतो, औषध लागू पडेल का. रक्त मात्र चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतं. आजार किती दांडगा आहे? औषध लागू पडेल का? औषध लागू पडतंय का? आणि औषध अंगाला झेपेल का?

पहिल्या दोनमधला फरक नीट बघा, कारण बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. काळ्या कसदार जमिनीत कुठलंही बी टाका, पीक बऱ्यापैकी येणार, खडकाळ माळावर काहीही करा, कमीच येणार. जमीन कशी आहे हे कळलं म्हणून अमुक खत तिथे चालेल की नाही हे कळत नाही, त्यासाठी त्या खताचीच परीक्षा घ्यावी लागते. तसंच, एखादा मार्कर वाढलेला असला की पेशंट कमी जगतात एवढं सिद्ध झालं, तर तो आजाराचा जोर सांगणारा मार्कर झाला. औषध देऊन आणि न देऊन, किंवा हे औषध आणि ते औषध, अशी तुलना करून जोवर फरक दिसत नाही तोवर त्याला औषधाचा अंदाज सांगणारा म्हणता येत नाही. "रक्तावरून केमोचा परिणाम कळणार" छापाच्या बातम्यांमध्ये खूपदा पहिल्या प्रकारचा मार्कर असतो आणि हेडिंग दुसऱ्या प्रकारचं असतं.

साध्या सीबीसीमधलं गुणोत्तर

हे उदाहरण बघा. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची साधी टेस्ट, आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली असते. त्यात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे टक्के दिलेले असतात. एकाला दुसऱ्याने भागायचं, न्यूट्रोफिल 72 आणि लिम्फोसाइट 18 असतील तर उत्तर 4. शरीरात सूज-दाह जास्त असला की हा आकडा वर जातो, आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो जास्त असलेल्यांचं पुढे जरा वाईटच होतं असं ढीगभर अभ्यासांत दिसलंय. स्वस्त टेस्ट, कुठल्याही गावात होते, त्यामुळे त्यावर पेपर भरपूर निघतात.

पण हा जमिनीचा कस सांगणारा आकडा आहे. अमुक केमो लागू पडेल असं त्यावरून ठरत नाही. शिवाय तो हलतो फार. ताप आला, दाढ सुजली, केमोआधी उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइड दिलं, की न्यूट्रोफिल वर. पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवायचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर विचारूच नका, मशीन आकडा दाखवतं तेव्हा आम्हीसुद्धा आधी फोन करून विचारतो की इंजेक्शन झालंय का. हा भागाकार घरी बसून करू नका एवढंच सांगतो, उगाच झोप जाते.

सीईए: झाडायला घेतलं की धूळ उडतेच

सीईए हे एक प्रथिन. 1965 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन या दोघांनी ते शोधलं, म्हणजे शोधाला साठ वर्षं झाली आणि अजूनही या आजारात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी टेस्ट हीच. सिगारेट न ओढणाऱ्यांत साधारण 3 च्या आत, ओढणाऱ्यांत 5 पर्यंत नॉर्मल धरतात. लिव्हरचा आजार, आतड्याची किंवा स्वादुपिंडाची सूज यातही वाढतं. आणि उलटही आहे, कॅन्सर असून सीईए नॉर्मल असलेले पेशंट भरपूर असतात, त्यामुळे "सीईए नॉर्मल, म्हणजे कॅन्सर नाही" हे पूर्ण चूक.

सीईए ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो आहे "लागू पडतंय का". ज्यांचं सुरुवातीला वाढलेलं आहे त्यांच्यात ते पुढे उतरतंय की चढतंय हे बघायचं. एक आकडा बघायचा नाही, रांग बघायची.

आता आत्याचं. घर झाडायला घेतलं की पहिली दहा मिनिटं हवेत आधीपेक्षा जास्त धूळ असते ना, तसं केमोच्या सुरुवातीला होऊ शकतं, खास करून ऑक्सॅलिप्लॅटिनवर. पेशी मरताना त्यांच्यातलं सीईए रक्तात सांडतं, शिवाय सीईए साफ करायचं काम लिव्हरचं आणि केमोने लिव्हर थोडी मंदावलेली असते. म्हणून नवीन उपचार सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत सीईए वाढलेलं दिसलं तर तेवढ्यावरून औषध हरलं असं समजू नये, हे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. आतेभावाला मी हेच सांगितलं. पण हेही सांगितलं की वाढ प्रत्येक वेळी धुळीचीच असते असं नाही, कधीकधी आजारच वाढत असतो, आणि दोन्हीतलं कुठलं हे पुढचे एक-दोन आकडे आणि सीटी स्कॅन मिळूनच ठरतं. खोटा दिलासा द्यायला मला आवडत नाही.

लॅबमधली एक गोष्ट आवर्जून सांगतो. सीईए दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर त्याच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो. एकदा इथे, एकदा प्रवासात तिकडे असं केलं आणि 8 चा 11 झाला, तर तो आजार वाढला की मशीन बदललं हे देवालाच माहीत.

रक्तातले चिटोरे

आता ज्या टेस्टच्या बातम्या येतात ती. पेशी मेली की तिच्यातला डीएनए फाटून त्याचे बारीक चिटोरे रक्तात येतात. रक्तात असा मोकळा डीएनए असतो हे फ्रान्समध्ये 1948 सालीच कळलं होतं. आपल्या सगळ्यांच्या रक्तात ते असतात, साधारण 166 अक्षरांच्या जोड्यांएवढे लांब. कॅन्सरच्या पेशी मेल्या की त्यांचेही चिटोरे त्यात मिसळतात आणि त्यांच्यावर कॅन्सरच्या चुका छापलेल्या असतात. कॅन्सरच्या या चिटोऱ्यांना सीटीडीएनए म्हणतात. रद्दीच्या गोणीतून एकाच वहीची फाटकी पानं हुडकायची, इतकं ते किचकट काम. काही कंपन्या आधी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा डीएनए वाचून घेतात आणि मग रक्तात नेमक्या त्याच चुका शोधतात, काही गाठ न बघता थेट रक्तात शोधतात.

याचा मोठा गुण म्हणजे ताजेपणा. सीईए रक्तातून निम्मं व्हायला काही दिवस घेतं, फोडणीचा वास घरात रेंगाळावा तसं. हे चिटोरे तास-दोन तासांत निम्मे होतात. त्यामुळे आज रक्तात जे दिसतंय ते आजचं. ऑस्ट्रेलियात 2015 मध्ये पसरलेल्या आजाराच्या 53 पेशंटवर अभ्यास झाला, त्यात दुसऱ्या सायकलच्या आधीच सीटीडीएनए किती घटलं यावरून आठ-दहा आठवड्यांनंतरचा स्कॅन कसा येईल याचा अंदाज लागत होता. दोन-सव्वादोन महिने वाट बघायच्या ऐवजी दोन-तीन आठवडे. चुकीचं औषध लवकर थांबवता आलं तर पेशंटचे ते दिवस वाचतात, मला तरी यातलं सगळ्यात आशेचं हेच वाटतं. पेशंट थोडे होते, पण दिशा कळली.

यातही भोकं आहेत. आजार फक्त फुप्फुसात किंवा पोटाच्या आवरणावर असेल तर चिटोरे कमी सांडतात. वय झाल्यावर रक्ताच्या पेशींमध्येच आपोआप काही चुका तयार होतात, त्या कॅन्सरच्या समजल्या जाऊ शकतात. आणि नमुना नीट ठेवला नाही, साध्या जांभळ्या ट्यूबमध्ये घेऊन दिवसभर तसाच ठेवला, तर ट्यूबमधल्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या ढिगात कॅन्सरचा चिटोरा हरवून जातो. म्हणून याची वेगळी ट्यूब असते.

"निगेटिव्ह आली, मग केमो नको ना?"

हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात. उत्तर स्टेजवर आहे.

2022 मध्ये ऑस्ट्रेलियाचाच डायनॅमिक नावाचा अभ्यास आला, दुसऱ्या स्टेजचे, म्हणजे लिम्फ नोडपर्यंत न गेलेल्या कॅन्सरचे, 455 पेशंट. काहींची केमो डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने ठरवली, बाकीच्यांची ऑपरेशननंतरच्या सीटीडीएनएवरून, पॉझिटिव्ह तर केमो, निगेटिव्ह तर नाही. नेहमीच्या गटात 28 टक्क्यांना केमो मिळाली, टेस्टच्या गटात फक्त 15 टक्क्यांना, आणि दोन वर्षांनी आजार परत न आलेले जवळजवळ सारखेच, 92.4 आणि 93.5 टक्के. केमो निम्म्यावर आली, नुकसान दिसलं नाही. सगळ्या बातम्यांचं मूळ हे.

मग 2025 मध्ये त्याच मंडळींनी तिसऱ्या स्टेजचा निकाल सांगितला आणि तो एवढा गोड नव्हता. निगेटिव्ह आलेल्यांची केमो हलकी केली तर त्रास कमी झाला, पण आजार परत न येण्याचं प्रमाण नेहमीच्या केमोइतकंच राहतं हे सिद्ध करता आलं नाही, किंचित कमी भरलं. म्हणजे दुसऱ्या स्टेजची बातमी वाचून तिसऱ्या स्टेजच्या माणसाने केमो सोडली तर ते चुकीचं ठरेल. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण असं फॉरवर्ड घेऊन डॉक्टरांशी भांडायला निघालेले नातेवाईक मी पाहिलेत. निगेटिव्ह म्हणजे "सापडलं नाही", "नाहीच" असं नव्हे.

"बरं, पॉझिटिव्ह आली तर जास्त कडक केमो घेऊ"

पॉझिटिव्ह येणं ही काळजीची गोष्ट आहे हे खरं. जपानच्या गॅलेक्सी अभ्यासात 1,039 पेशंट होते, ऑपरेशननंतर चार आठवड्यांनी ज्यांच्या रक्तात सीटीडीएनए सापडलं त्यांच्यात दहापैकी सहा जणांना आजार परत आला, निगेटिव्ह असलेल्यांत दहापैकी साधारण एकाला. आणि पॉझिटिव्ह असलेल्यांत ज्यांनी केमो घेतली त्यांचं न घेतलेल्यांपेक्षा बरंच चांगलं झालं. पण तिथे केमो कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, त्यामुळे मुळात धडधाकट असलेल्यांनाच केमो मिळाली असेल ही शंका उरते.

कडक केमोचं मात्र तिसऱ्या स्टेजच्या त्या अभ्यासात करून बघितलं, पॉझिटिव्ह आलेल्यांना आणखी जोरदार औषधं दिली, फायदा दिसला नाही. आणि अमेरिकेत कोब्रा नावाच्या अभ्यासात तर वेगळंच झालं, पॉझिटिव्ह असून केमो न घेतलेल्या 7 पैकी 3 जणांची टेस्ट आपोआप निगेटिव्ह झाली आणि केमो घेतलेल्या 9 पैकी फक्त एकाची. आकडे इतके थोडे की त्यावरून केमोबद्दल काही म्हणता येत नाही, पण पॉझिटिव्हमध्येही खोटे पॉझिटिव्ह असू शकतात हे मात्र समोर आलं, आणि तो अभ्यास थांबवावा लागला.

मग आधीच सांगणारं काहीच नाही का?

आहे, पण केमोबद्दल नाही, तिच्या जोडीला देतात त्या औषधाबद्दल. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही औषधं कॅन्सरच्या पेशीचं दारावरचं बटण दाबून धरतात, वाढीचा निरोप आत जाऊ नये म्हणून. पण रास नावाच्या जीनमध्ये बिघाड असेल तर आतली बेल तशीही वाजतच राहते, बटण धरून उपयोग काय. पसरलेल्या आजाराच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये हा बिघाड असतो आणि त्यांना ही औषधं लागू पडत नाहीत. खऱ्या अर्थाने "लागू पडेल का"चं उत्तर ते हे. टेस्ट मुख्यतः गाठीच्या तुकड्यावर होते, तुकडा नसेल तर रक्तावरही करता येते. इटलीच्या क्रोनोस अभ्यासात तर आधी हे औषध घेऊन झालेल्या पेशंटना ते पुन्हा देता येईल का हे रक्तावरून ठरवलं, 52 जणांपैकी 16 जणांच्या रक्तात बिघाड दिसला म्हणून त्यांना दिलंच नाही, आणि ज्या 27 जणांना दिलं त्यातल्या 8 जणांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या.

कोणीच न विचारणारी टेस्ट

इतकं सगळं "लागू पडेल का" विचारतो आपण, पण "झेपेल का" हे विचारणारा नातेवाईक मला क्वचित भेटलाय. आणि रक्त याच प्रश्नाचं उत्तर आधीच देऊ शकतं.

या आजारातली मुख्य केमो म्हणजे 5-एफयू, 1957 पासूनचं औषध, आणि तिची गोळी म्हणजे कॅपेसिटाबिन. हे औषध शरीरातून काढून टाकायचं काम डीपीडी नावाचं एन्झाइम करतं. मोरीचं भोक समजा. काहींच्यात ते जन्मतःच अर्धं बुजलेलं असतं, फार थोड्यांत पूर्ण. त्यांना सगळ्यांच्या मापाची बादली ओतली की पाणी तुंबतं, तोंड सोलून निघतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि पहिल्याच सायकलमध्ये माणूस जाऊ शकतो. युरोपच्या औषध नियामकांनी 2020 मध्ये सांगितलं की ही औषधं सुरू करायच्या आधी ही तपासणी करावी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या गोऱ्या लोकांत 9 टक्क्यांपर्यंत लोकांत एन्झाइम कमी असतं आणि 0.5 टक्क्यांपर्यंत लोकांत अजिबात नसतं. तपासणी दोन प्रकारे होते, एकतर डीपीवायडी जीन वाचून, नाहीतर रक्तातलं युरॅसिल (हेच एन्झाइम मोडतं तो पदार्थ) मोजून. कमी निघालं तर बऱ्याचदा डोस कमी करून सुरुवात करतात, अजिबात नसेल तर हे औषधच देत नाहीत.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा, जीनची नेहमीची टेस्ट मुख्यतः युरोपियन लोकांत सापडलेल्या चार बदलांवर बेतलेली आहे, आपल्यातले बदल वेगळे असू शकतात. त्यामुळे टेस्ट चांगली आली तरी पहिल्या सायकलमध्ये तोंड आलं, जुलाब लागले, ताप आला तर "केमोत होतंच" म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. तसंच इरिनोटेकान नावाच्या औषधाचं, त्यात यूजीटी1ए1 जीन बघतात. ज्यांचं बिलिरुबिन वर्षानुवर्षं कारण नसताना थोडं वर असतं त्यांनी हे औषध सुरू होण्याआधी डॉक्टरांना ते आठवणीने सांगावं.

"हे सगळं डॉक्टरांना माहीत असतंच की"

असतं. पण ओपीडीत बाहेर साठ पेशंट बसलेले असतात आणि तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. "सगळ्या टेस्ट लिहून द्या" म्हणालात तर सीईएच्या काही शे रुपयांपासून त्याच्या कितीतरी पट महाग सीटीडीएनएपर्यंत यादी होईल आणि पैसे जिथे लागायला हवेत तिथे कमी पडतील. त्यापेक्षा टेस्ट लिहिली की एवढंच विचारा, याचा आकडा असा आला तर तुम्ही काय बदलणार आणि तसा आला तर काय. काहीच बदलणार नसेल तर ती टेस्ट पुढे ढकलता येईल का, हेही विचारा. आणि केमो सुरू व्हायच्या आधी डीपीडीचं विचारा.

आत्याच्या दुसऱ्या सायकलनंतर सीईए 52 आलं, चौथ्यानंतर 19. स्कॅनमध्ये लिव्हरमधले दोन्ही ठिपके लहान झालेत. हातात झिणझिण्या आहेत, माठातलं पाणीसुद्धा कोमट करून पिते. वहीच्या शेवटच्या पानावर आतेभाऊ तारीख, आकडा आणि लॅबचं नाव लिहून ठेवतो, पुढचा नमुना मंगळवारी आहे.